येसाबाईंच्या लोटक्यातले दोन थर

येसाबाई सरनोबतांनी विरजण माहेराहून आणले, त्यांच्या सूनबाई गजराबाईंनी ते वाढवले, गजराबाईंच्या सूनबाई हौसाबाईंनी ते डोळ्यांत तेल घालून सांभाळले. आणि हौसाबाईंच्या सूनबाई विजयमालाबाई यांच्या हातात, २०४३ सालच्या उन्हाळ्यात, ते मेले.

गडहिंग्लजच्या सरनोबतांच्या घरात विरजण ही काय चीज होती, हे बाहेरच्याला सांगून कळण्यासारखे नव्हते. लग्न होऊन जाणाऱ्या प्रत्येक लेकीला ओटीबरोबर सुती फडक्याची एक पट्टी मिळे. दह्यात बुडवून सावलीत वाळवलेली ती पट्टी सासरी कोमट दुधात टाकली की सकाळी माहेरचे दही लागत असे. घराबाहेर मात्र त्यातला थेंबही जात नसे. गेलेल्या सासवांची विरजणाची भांडी देवघराशेजारच्या फळीवर ओळीने मांडलेली होती: येसाबाईंचे मातीचे लोटके, गजराबाईंची चिनी मातीची बरणी, हौसाबाईंचा स्टीलचा डबा. ज्या सासूची तिथी असेल तिचे भांडे त्या दिवशी खाली उतरे. बरणीत आणि डब्यात दही लागे. लोटके फार जुने, म्हणून त्याला नुसते दह्याचे बोट. मग जेवताना घरातला कर्ता माणूस म्हणे, "आज हौसाबाईंच्या हातचं दही." एवढेच. फोटोला हार घालण्यापेक्षा हे विजयमालाबाईंना शतपटीने सरस वाटे. फोटो काही कोणाच्या जिभेवर येत नाही.

आणि सर्वपित्रीला तिन्ही भांडी एकदम उतरत. त्या दिवशी येसाबाईंची कथा सांगितली जाई. १९१८ सालच्या मानमोडीच्या तापात घरातली सात माणसे आडवी पडली, दोन गेली. येसाबाई स्वतः तेवीस दिवस बेशुद्धीत होत्या. उठल्या तेव्हा त्यांनी पहिले काम केले ते लोटक्यावरचे झाकण काढण्याचे. आत कवडीसारखे घट्ट, पांढरेशुभ्र दही! "घर मोडलं, पण माझ्या माहेरचं विरजण मोडलं नाही," असे त्या शेवटच्या श्वासापर्यंत सांगत होत्या. मोडणारे काही त्या बाईंच्या वाऱ्याला उभे राहत नसे, अशीच घरात समजूत होती.

असे हे विरजण चैत्रात तार धरू लागले. वैशाखात आंबूस पाणी सुटले. विजयमालाबाईंनी दूध बदलले, म्हैस बदलली, रोजचा डबा उन्हात ठेवला. ज्येष्ठात त्यांनी आपल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यातली पहिली लबाडी केली. डोक्यावरून पदर घेऊन त्या स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या, पाकिटातले दही आणले, डब्यात ओतले आणि पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून पुरून टाकले. तीन महिने कोणाला पत्ता लागला नाही.

लागला तो शर्वाणीला. ही त्यांची नात. संकेश्वर रस्त्यावरच्या जिवाणू-संशोधनाच्या प्रयोगशाळेत ती काम करत असे. भाद्रपदात गौरीसाठी घरी आली, दहीभाताचा पहिला घास घेतला आणि हात तसाच ठेवून तिने आजीकडे पाहिले.

"आजीसाहेब, हे पाकिटातलं आहे."

"जेव गुमान."

"हे पाकिटातलं आहे. याच्यावर मी सहा महिने काम केलंय. मी याला आंधळी झाले तरी ओळखीन."

विजयमालाबाईंनी स्वयंपाकघराचे दार आतून लावले. "हळू बोल. तुझ्या बापाला कळलं तर पंचक्रोशीत बभ्रा होईल."

"आजीसाहेब, आपलं दही कुठंय?"

"गेलं," विजयमालाबाई म्हणाल्या. हा एक शब्द उच्चारायला त्यांना पतीच्या निधनाच्या दिवशीही इतके कष्ट पडले नव्हते. "उन्हाळ्यात गेलं. मी मारलं."

"तुम्ही नाही हो. उष्णता वाढली की एक विषाणू माजतो. तो माणसांना काही करत नाही, फक्त दह्याचे जिवाणू खातो. कोल्हापुरापर्यंत शेकडो घरांची विरजणं यंदा गेलीत." शर्वाणी जवळ सरकली. "पण तेव्हाच का नाही फोन केलात? चमचाभर नासलेलं असतं तरी चाललं असतं. आता डब्यात पाकिटाचीच प्रजा आहे, आपलं काही उरलेलं नाही."

"सरनोबतांच्या सुनेनं विरजण मारलं, हे फोनवर सांगू?"

शर्वाणीने कपाळाला हात लावला. मग तिने तिन्ही आत्यांना फोन केले. थोरल्या आत्याची पट्टी बोहारणीकडे गेली होती. मधल्या आत्याची घर बदलताना हरवली होती. धाकटीने ती कपाटात जपून ठेवली होती. पण गरम पाण्यात धुऊन, इस्त्री करून.

"इस्त्री?" विजयमालाबाईंनी फोन ओढून घेतला. "अगं कुलदीपके, इस्त्री? देवाला आंघोळ घालून भट्टीत ठेवतीस का?"

सर्वपित्री तीन आठवड्यांवर आली होती. पहिल्यांदाच तीन सासवांच्या भांड्यांत परके दही पडणार होते, आणि विजयमालाबाई गेल्यावर त्यांच्या भांड्यात काय पडणार होते, हा विचार त्या कोणाला बोलून दाखवत नव्हत्या. शर्वाणी बराच वेळ फळीकडे पाहत उभी राहिली. मग तिने विचारले, "येसाबाईंचं लोटकं मी नेऊ का?"

चार दिवसांनी विजयमालाबाई स्वतः प्रयोगशाळेत गेल्या. जरीकाठाची साडी, हातात छत्री, पायांत आपल्याच वाहणा. प्रयोगशाळेच्या चपला घालायला त्यांनी साफ नकार दिला, तेव्हा तिथल्या मुलांनी त्यांच्या वाहणांवरच प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. काचेच्या पेटीत येसाबाईंचे लोटके मऊ गादीवर ठेवलेले होते. त्याच्या भोवती केसाएवढ्या बारीक सुयांचे एक यंत्र सावकाश फिरत होते. त्याला तिथे 'थरवाचक' म्हणत.

शर्वाणीने खुर्ची पुढे केली आणि समजावायला सुरुवात केली.

"न भाजलेल्या किंवा कमी भाजलेल्या मातीला छिद्रं असतात. रोज दही लावलं की त्यातला अंश छिद्रांत मुरतो. जिवाणू तिथं मरतात, पण त्यांच्या पेशीतला सूत्रासारखा रेणू, ज्यावर त्यांची सगळी घडण लिहिलेली असते, तो तुकड्यातुकड्यांनी टिकतो. चिनी मातीची बरणी, स्टीलचा डबा काही शोषत नाहीत. म्हणून हौसाबाई पणजींची आणि गजराबाईंची भांडी आम्हाला मुकी आहेत. हे लोटकं मात्र बोलतं. थरवाचक ते तुकडे जुळवतो, आणि आम्ही त्या जिवाणूच्या आजच्या जवळच्या भाऊबंदात तीच घडण परत लिहितो. मेलेला जिवंत होत नाही, आजीसाहेब. पण त्याचा हुबेहूब वंशज जन्माला येतो. चव तीच, घट्टपणा तोच. आणि त्या विषाणूला दाद न देण्याची शक्ती वरून घालता येते."

"मग अडलंय कुठं?"

शर्वाणीने पडद्यावर लोटक्याच्या भिंतीचा उभा छेद दाखवला. विटेच्या रंगाच्या जाड रेषेत दोन पट्टे होते. एक खोलवरचा निळा, त्यावर रुंद हिरवा.

"लोटक्यात एक नाही, दोन विरजणं आहेत. खालचं थोडी वर्षं चाललं आणि तुटलं. एकदम. वरचं निराळ्याच घराण्याचं आहे, आणि ते शेवटपर्यंत चालतं. जिवाणूच्या घडणीत ठरावीक गतीनं बारीक बदल साठत जातात, त्यावरून काळ मोजता येतो. तुटलं ते १९१८च्या आसपास. एखादं वर्ष इकडं-तिकडं."

विजयमालाबाई खुर्चीतून पडद्याकडे वाकल्या.

"म्हणजे येसाबाईंचं माहेरचं विरजण मानमोडीत मेलं होतं, आजीसाहेब. त्या बेशुद्धीत असताना कोणीतरी रोज येऊन, स्वतःच्या घरचं विरजण घालून दही लावत होतं. त्या उठल्या, झाकण काढलं, आत दही दिसलं. त्यांना वाटलं आपलंच टिकलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांना कधी कळलंच नाही."

"कोण लावत होतं?"

"ते नाव यंत्र सांगत नाही. फक्त एक विचित्र गोष्ट सापडली. हिरव्या थराच्या अगदी तळाशी, त्या पहिल्या काही आठवड्यांच्या दह्यात, काचेची बारीक भुकटी आहे. आणि लाखेचे कण. दह्यात काच आणि लाख कुठून येईल, आम्हाला कोणालाच कळेना."

पण विजयमालाबाईंना कळले. ज्या बाईचे हात दिवसभर काचेच्या आणि लाखेच्या बांगड्या हाताळतात, दुसऱ्या बायकांचे हात दाबून दाबून त्यांत बांगड्या चढवतात, त्या बाईच्या बोटांच्या रेघांत दुसरे काय असणार? सारे गाव दारे लावून बसलेले असताना सात आजाऱ्यांच्या घरात शिरून दूध तापवणारी, तेवीस दिवस ताक पाजून पाच जणांना जगवणारी, आणि माणसे उठून बसल्यावर एक अक्षर न बोलता निघून जाणारी ती बाई कासारीण होती.

"आता खरा प्रश्न," शर्वाणी म्हणाली. "आत्तापर्यंत आम्ही नुसतं वरवर चाचपलंय. पूर्ण वाचायचं तर त्या थराची माती कुटावी लागते, आणि लोटकं इतकं पातळ आहे की एक थर काढताना दुसरा वाया जातो. निळा किंवा हिरवा, एकच मिळेल. निळा म्हणजे येसाबाईंच्या माहेरचं, जे आपण इतकी वर्षं सांगत आलो ते. हिरवा म्हणजे तुम्ही, पणजीनं, आम्ही सगळ्यांनी प्रत्यक्षात खाल्लं ते. तुम्ही म्हणाल तसं करते."

विजयमालाबाई छत्री टेकत उठल्या. "उद्या सांगते," म्हणाल्या.

घरी चिरंजीव रणजित यांनी सगळे ऐकून घेतले आणि क्षणाचाही विलंब न लावता निकाल दिला. "निळा, आईसाहेब. यात विचार कसला? घराण्याचं मूळ परत मिळतंय. जे येसाबाईंनाही टिकवता आलं नाही ते तुम्ही परत आणलंत, असं होईल. तुमचं नाव होईल."

"आणि कासारणीचं?"

"ती कोण होती हे तरी कुठं नक्की आहे? काचेच्या भुकटीवरून? शंभर वर्षांनी कोण विचारणार आहे?"

"विचारून गेलंय," विजयमालाबाई म्हणाल्या.

रणजितना अर्थ लागला नाही. विजयमालाबाईंनी त्यांना समोर बसवले आणि जी गोष्ट त्यांनी पतीलाही कधी सांगितली नव्हती, ती सांगितली.

१९९४ सालचा श्रावण. हौसाबाई लेकीकडे गेल्या होत्या, आणि घराचा कारभार पहिल्यांदाच अठ्ठावीस वर्षांच्या विजयमालाबाईंच्या हाती आला होता. सकाळी दहाच्या सुमारास बाजारगल्लीतली मालन कासार दारात उभी राहिली. हातात झाकण घातलेली वाटी. म्हणाली, "वैनीसाब, आमचं विरजण नासलं. चमचाभर द्या. तुमच्यात हाय ते आमचंच हाय, म्हणून मागती."

"आमचंच?" रणजितनी विचारले.

"हाच शब्द मला झोंबला. मी म्हटलं, येसाबाईंच्या माहेरचं विरजण तुमचं कधीपासून झालं? बांगड्या विकता तशा आता सोयरिकी पण विकायला लागलात का? तिनं वाटीवरचं झाकण नीट बसवलं आणि गेली. पायरी उतरताना मागं वळून पाहिलं पण नाही." विजयमालाबाईंनी चष्मा पुसला. "सासूबाई परतल्यावर मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगितलं, घराची शिस्त राखली म्हणून. त्या म्हणाल्या, 'मागायला आलेल्या बाईला कसं वाढायचं हे मला शिकवायचं राहिलं म्हणायचं.' त्यानंतर आठ दिवस त्यांनी दही माझ्या हातून लावू दिलं नाही. त्या महिनाभरानं मालनच्या घरी गेल्या होत्या, विरजण घेऊन. मालननं घेतलं नाही. म्हणाली, आता पाकीट आणतो, बरं पडतं."

रणजित म्हणाले, "पण आईसाहेब, हिरवा घेतला तर लोकांना सांगावं लागेल. सर्वपित्रीला येसाबाईंची कथा... ती कशी सांगणार?"

"आहे त्याहून मोठी करून सांगणार. आजवर त्यात एकच थोर बाई होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शर्वाणीला फोन केला. "हिरवा," एवढाच शब्द बोलल्या. मग थोडे थांबून, "आणि तीन भांड्यांत लाव. दोन मातीची, नवी, कुंभाराकडची. तिसरं घरचं. आणि हे बघ, घरात कोणी त्याला बोट लावायचं नाही. मी पण नाही."

"चव तर बघा आधी. जमलंय का ते कळायला नको?"

"ज्यांचं आहे त्यांनी आधी बघावं."

सर्वपित्रीच्या सकाळी साडेआठला बाजारगल्लीतल्या लोकांनी एक नवल पाहिले. सरनोबतांच्या आईसाहेब, ज्यांच्या घरी कासार स्वतः जात, त्या दोन्ही हातांत दोन लोटकी घेऊन कासारांच्या दुकानाची पायरी चढत होत्या. मागे शर्वाणी छत्री धरून होती, आणि तिने आधार द्यायला पुढे केलेला हात त्यांनी दोनदा झिडकारला होता. सकाळचीच वेळ त्यांनी निवडली होती. दिवेलागणीनंतर विरजणाची देवघेव करत नाहीत.

दुकानात मालनची मुलगी सुवर्णा होती. अठ्ठावन्न वर्षांची, चष्मा कपाळावर चढवलेली. दुकान आता निम्मे तिचे आणि निम्मे एका छापयंत्राचे होते. ते मनगटाचे माप घेऊन हव्या त्या नक्षीच्या बांगड्या छापत असे. आईसाहेबांना पाहून ती गडबडीने उठली.

"या, या आईसाहेब. सांगावा धाडायचा, मीच आले असते. बसा. मापं द्यायची होती का?"

"बसायला आले नाही, द्यायला आले," विजयमालाबाई म्हणाल्या. "सुवर्णाताई, तुमच्या घरात मानमोडीच्या सालातली काही गोष्ट सांगतात का? आमच्या घराबद्दल?"

सुवर्णाने शर्वाणीकडे पाहिले, मग आईसाहेबांकडे. "सांगत्यात की. पण तुमच्या तोंडावर कशी सांगू?"

"सांगा. मी ऐकायलाच उभी आहे."

"आमची खापरपणजी पारव्वा. तिचं माणूस आन् थोरला ल्योक त्याच तापात आधी गेले होते, धाकट्याला तिनं माहेरी धाडलेलं. ती म्हणायची, आता माझ्यापाशी न्यायला ताप आला तरी काय नेणार? म्हणून ज्या घरात बाया पडल्यात तिथं जायची. तुमच्यात तेवीस दिवस गेली म्हणं. येसाबाईसाब उठून बसल्या, लोटकं बघितलं आन् लहान पोरीसारख्या हसल्या, माझं माहेर टिकलं म्हणाल्या. पारव्वा दारातच उभी होती. सांगणार होती, विरजण माझं हाय म्हणून. पण त्यांची सासू आन् दीर कालच गेलेले. म्हटली, बाईला एवढं एक तरी राहू दे." सुवर्णा ओशाळली. "आमच्यात सांगत्यात हो अशी. खरी-खोटी देवाला माहीत."

पारव्वा कासारणीसमोर आपण कधी मान वर करून उभ्या राहू शकलो नसतो, असे विजयमालाबाईंना वाटले. आणि असे त्यांना आजवर कोणाहीविषयी वाटले नव्हते, अगदी येसाबाईंविषयीसुद्धा नाही.

"खरी आहे," त्या म्हणाल्या. आवाज मुद्दामच एवढा मोठा ठेवला की शेजारच्या दोन दुकानांतल्या माणसांनी माना बाहेर काढल्या. "यंत्रानं सांगितलंय, आणि यंत्राच्या आधी तुमच्या आईनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. सरनोबतांच्या घरात आज सव्वाशे वर्षं जे दही खाल्लं जातंय ते पारव्वा कासारांचं आहे. हे एक लोटकं त्यांचं. त्यांनी आमच्या येसाबाईंना दिलेलं, आम्ही परत करायचं राहिलेलं." त्यांनी ते सुवर्णाच्या हातात ठेवले. मग दुसरे पुढे केले. "आणि हे मालनबाईंचं. १९९४ च्या श्रावणात त्या वाटी घेऊन माझ्या दारात आल्या होत्या. मी नाही म्हटलं, आणि नको ते बोलले. ते बोलणं मला परत घेता येत नाही. दही देता येतं."

सुवर्णा दोन्ही हातांत दोन लोटकी धरून उभी राहिली. तिने एक गल्ल्यावर ठेवले, झाकण काढले, तर्जनी बुडवून बोट जिभेवर टेकवले. डोळे मिटले. छापयंत्र आपल्याच नादात खटखट करत होते.

"नऊ वर्षांची होते मी," ती बोलली. "आई भाकरीवर घालून द्यायची. शाळेला उशीर होतोय म्हणून मी अर्धी भाकरी टाकून पळायची." बोट तिने पुन्हा एकदा बुडवले. "आईचंच हाय हे. आईच्या हातचं."

शर्वाणीने तोंड फिरवून छत्री उगाचच मिटली.

सुवर्णा दोन्ही लोटकी घेऊन आत गेली. आतून दूध तापवल्याचा आवाज आला, मग भांडे घासल्याचा. पाच-सात मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा दोन्ही लोटकी स्वच्छ धुऊन पुसलेली होती. ती तिने विजयमालाबाईंच्या पुढ्यात ठेवली. शर्वाणीने लोटक्यांत पाहिले आणि चकित झाली. गडहिंग्लजात कोणाचे भांडे कोणी रिकामे परत करत नाही. गूळ नाही तर निदान साखरेचे चार दाणे तरी घालतात.

सुवर्णाने तिची नजर ओळखली. "रिकामंच देती," ती म्हणाली. "मुद्दाम. काय घालून दिलं तर तुमच्यावर परत देणं ऱ्हाईल." मग तिने विजयमालाबाईंकडे वळून, अगदी सावकाश, जपून, दोन्ही लोटकी त्यांच्या हातात दिली. "पारव्वाचं फिटलं, आईसाहेब. आन् आईचंबी फिटलं."